फावल्या वेळी : रणगाड्यावरचे धुके

छंद हा मनोविनोदाचा विषय खरा. परंतु हातचे काम बिघडले म्हणजे मनाला लागणारी रुखरुख काही खोटी नसते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारी याचा प्रत्यय आला. तेथील चौदा वर्षांच्या मुलाने दोन महिने खपून ‘सेंच्युरियन’ रणगाड्याची 1:35 प्रमाणातील प्रतिकृती तयार केली होती. 1971 च्या युद्धात त्याचे आजोबा याच जातीच्या रणगाड्याचे चालक होते, आणि त्यांच्या पंचाहत्तरीस ती भेट द्यावयाची होती. शेवटचा हात म्हणून त्याने भर पावसात बिनचकाकीचे, म्हणजे मॅट व्हार्निश फवारले. घटकाभरात सारा रणगाडा पांढुरक्या धुक्याने झाकोळून गेला! मुलगा रडकुंडीला येऊन सगळा रंगच थिनरने धुऊन काढावयास निघाला.

वाचकहो, असा प्रसंग ओढवल्यास प्रथम हात आवरावा. व्हार्निशमधील द्रावक भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि थरात अडकून राहते. खालचा रंग बिघडलेला नसतो. कोरड्या हवेचा दिवस पाहून त्याच जातीच्या चमकदार व्हार्निशचा पातळ हात द्यावा. बहुधा मूळ रंग पुन्हा उमटतो. तो थर पुरता वाळल्यावर मॅट व्हार्निश विरळ फवारावे. त्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. नाहीतर तळाशी बसलेली, चकाकी मारणारी भुकटी एके ठिकाणी साचून तेथेही पांढरे डाग पडतात.

दुसरी नेहमीची तक्रार ‘वॉश’ची. खाचाखोचांत मळ दिसावा म्हणून अतिशय पातळ केलेल्या तैलरंगाचा जो हात देतात, तो वॉश. मॅट पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे रंग त्यावर पसरतो आणि सुकताना कडेने वलये उठतात. वलय ताजे असेल तर चपटा कुंचला व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून फडक्यावर टिपावा, आणि पावसाचे ओघळ उतरतात तसा वरून खाली हलकेच ओढावा. पुढच्या खेपेस वॉशपूर्वी चमकदार थर द्यावा, म्हणजे रंग आपण होऊन खाचांत उतरतो. मूळ रंग एनॅमलचा असल्यास मध्ये अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचा वाळलेला थर हवाच. एरवी स्पिरिटने खालचा रंगही सुटून येतो.

कोणताही उपाय आधी प्रतिकृतीच्या तळाशी करून पाहावा. ही सारी कामे खिडक्या उघड्या ठेवून, शेगडीपासून आणि लहान मुलांपासून दूर करावीत, हे सांगावयास नकोच.

शेजारच्या मुलाने चार दिवस धीर धरला. ऊन पडले, धुके निवळले, आणि पंचाहत्तरीच्या दिवशी रणगाडा आजोबांच्या हाती आला. त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. मग पुढच्या उजव्या बाजूच्या झाकणावर बोट ठेवून म्हणाले, “सगळीकडे रंग उडवलास, पण मी रोज चढायचो ती जागा मात्र कोरीच ठेवलीस की रे!”

चौघांपैकी चालकाची जागा तीच. येता-जाता बुटांनी तेथला रंग घासला जाई. धूळ साचे ती मात्र खाली, चाकांवर आणि पट्ट्यांवर. मुलाने लगेच स्पंजचा लहानसा तुकडा करड्या रंगात बुडवून कागदावर टिपला आणि झाकणाच्या कडेला चार ठिपके दिले. आजोबा शेजारी बसून कोठे अधिक, कोठे उणे ते सांगत होते. युद्धाविषयी ते घरात इतके कधी बोलले नव्हते, असे मुलाच्या आईने मला मागाहून सांगितले.

तेव्हा वाचकहो, रंग उडविण्यापूर्वी तेथे कोणाचा हात लागे, कोणाचा पाय पडे, याचा विचार करावा. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे जवळून पाहावयास मिळतात. सवड काढून मुलांना तेथे अवश्य न्यावे. आणि घरात कोणी जुने सैनिक असतील, तर आधी त्यांना विचारावे.