तारेवरचा पाहुणा



कोकणात भात झोडून झाले, पेंढा रचला, वाल-पावटा वर आला, की जरा तारांकडे आणि आभाळाकडे नजर ठेवा. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरून एक दुर्मीळ पाहुणा जातो. त्याचे नाव अमूर ससाणा. मुक्काम अगदी थोडा, म्हणून तो फार थोड्यांच्या दृष्टीस पडतो.

ओळखायचा कसा? अंगाने पारव्याएवढा. नर पाटीसारखा करडा, मांड्या तांबूस, पाय नारिंगी-लाल. उडताना पंखाखाली पांढरे दिसते. मादीचे पोट पांढुरके, त्यावर काळ्या खुणा. विजेच्या तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसतो आणि चतुर, वाळवीचे पंखवाले किडे उडता उडता पकडतो. शिक्रा कोंबडीची पिल्ले पळवतो, म्हणून या बिचाऱ्यावर दगड उचलू नका. वाटेत याचे पोट किड्यांवरच भरते.

याचे घर रशियातील अमूर नदीच्या खोऱ्यात आणि उत्तर चीनमध्ये. थंडी पडू लागली की तो निघतो. नागालँड-मणिपुरात थांबून वाळवी खातो, अंगात चरबी साठवतो. मग सारा देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर येतो आणि अरबी समुद्रावर झेप घेतो. सुमारे तीन हजार किलोमीटर नुसते पाणी, टेकायला फांदी नाही! ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन तो आफ्रिका गाठतो आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेत जातो.

आता नागालँडची गोष्ट ऐका. तिथे दोयांग धरणाजवळ लोक जाळी लावून हे पक्षी हजारोंनी धरत आणि विकत. गरिबाच्या घरात त्यातून चार पैसे येत. २०१२ साली हा प्रकार जगापुढे आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून विचार केला आणि दुसऱ्याच वर्षी शिकार बंद केली. हातचे उत्पन्न सोडणे सोपे नसते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रे बसवून उपग्रहाने त्यांची वाट पाहिली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे त्या गावाचेच नाव!

तिथे वाचलेला पक्षी आपल्या दारी येऊन मरू नये, एवढे आपल्या हाती आहे. पोरांच्या हातातली गलोल काढून घ्या. गरज नसताना पिकावर विषारी औषध मारू नका. विषाने माखलेला किडा पक्ष्याच्याही पोटात जातो. दमून खाली पडलेला पक्षी सापडला, तर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनरक्षकाला लगेच कळवा.

मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूचे कडे दिसले, तर त्यावरची अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून तारीख आणि गावाच्या नावासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या वाटा शोधते. जिवंत पक्ष्याचे कडे मात्र काढू नका.

पावसाची तारीख आपण वहीत लिहून ठेवतो ना? यंदा शेजारी या पाहुण्याचीही एक ओळ लिहा. काम पोरांवर सोपवा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.