पाहणाऱ्यांवर राग कशासाठी?

मार्कंड्याचा घाट समुद्रापासून शेकडो मैल दूर. वैनगंगेच्या पात्रात डोंग्याहून मोठे जलवाहन आमच्या मुलांनी पाहिलेले नाही. धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही मुंबईस गेलो आणि गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो, तेव्हा नौदलाच्या गोदीकडे एक काळी, लांबट पाठ दिसताच मुले उठून उभी राहिली. "फादर, ती पाणबुडी का?" शेजारचे एक सुशिक्षित गृहस्थ कडाडले, "तिकडे पाहू नका! देशाची गुपिते आहेत ती." मुले ओशाळून खाली बसली. त्या गृहस्थांना तेथे उत्तर दिले नाही; ते येथे देत आहोत.

महाशय, पाणबुडीचे गुपित ती बुडाल्यावर सुरू होते. धक्क्याला बांधलेली पाणबुडी कुणापासूनही लपलेली नसते. परकीय उपग्रह तिच्यावरून रोज फिरतात, आणि पैसे मोजणाऱ्या कुणालाही बंदरांची छायाचित्रे विकत मिळतात. मग पाहू नये ते फक्त गडचिरोलीच्या पोराने काय?

1923 चा शासकीय गुपिते कायदा इंग्रजांनी केला, तोही नुसत्या पाहण्याला गुन्हा म्हणत नाही. प्रतिबंधित जागेत शिरणे वा तिचा नकाशा काढणे त्यात येते, परंतु देशाच्या सुरक्षिततेस बाधक असा हेतू तेथेही लागतो. भद्रावतीच्या आयुधनिर्माणीच्या कुंपणाजवळून आमची माणसे डोळे मिटून जात नाहीत.

गुपिते कोठून फुटली ते पाहावे. माझगाव गोदीत बांधल्या जात असलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांची बावीस हजारांहून अधिक पाने ऑगस्ट 2016 मध्ये एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राच्या हाती लागली. ती फ्रेंच कंपनीची कागदपत्रे होती. लाँचमधील कुणा प्रवाशाने लिहून नेलेली नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये हेरगिरीच्या संशयावरून आंध्र पोलिसांनी अटक केली ती नौदलातल्याच सात जणांना. त्यानंतर तळांवर स्मार्टफोनला बंदी आली. ही बंदी योग्यच होती, कारण ती दार नेमके ओळखणारी होती.

एक गोष्ट मात्र आम्ही मान्य करतो. कोणती पाणबुडी केव्हा निघाली, हे फोनवरून जगाला कळविणे अविचाराचे आहे. आत बसलेल्या खलाशांच्या जिवाशी तो खेळ होतो, आणि मुलांना आम्ही हे त्याच संध्याकाळी बजावले. पाहणे वेगळे, दवंडी पिटणे वेगळे.

याउलट पाहण्याचे मोलही आहे. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री सिंधुरक्षक याच गोदीत स्फोट होऊन बुडाली आणि 18 नौसैनिक गेले. आगीचा लोळ दक्षिण मुंबईच्या लोकांनी घरांतून पाहिला. त्या रात्री कुणाला डोळे मिटण्यास सांगणार होता? ज्यांच्या करातून ही शस्त्रे येतात आणि ज्यांची मुले त्यांत बसतात, त्यांना धक्क्यावरची पाणबुडी लांबून दिसली तर नौदलाची काही हानी होत नाही. नौदलालाही हे ठाऊक आहे. म्हणून तर निवृत्त कुरसुरा पाणबुडी 2002 पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तिकीट काढून आतून पाहता येते.

उभ्या राहिलेल्या मुलांपैकी एकाने परतल्यावर नौदलातील भरतीची चौकशी केली. त्याच्यासाठी माहिती आम्ही मागविली आहे.