सांडशी, माऊस आणि आईचं कोपर



गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी चहाचं भांडं सांडशीनं उचललं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ गेली, की अर्धा चहा ओट्यावर. सलग दोन शनिवार-रविवार मखराचे स्क्रू पिळत होतो, आणि त्याआधी महिनाभर ऑफिसात रिलीजच्या गडबडीत दहा-दहा तास माऊस हातात होता. वय चौतीस. वाटलं, लचक भरली असेल, जाईल दोन दिवसांत.

गेली नाही. दाराची कडी फिरवताना दुखे, टॉवेल पिळताना दुखे, कुणाशी हस्तांदोलन करतानाही दुखे. मग आपल्या इंदूरच्या रिवाजाप्रमाणे सल्ले सुरू झाले. काकांनी एका मालिशवाल्या पहलवानाकडे पाठवलं. त्यानं दुखरी जागा नेमकी शोधून तिथंच अंगठा रगडला. त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी कोपराच्या बाहेरचं हाड दाबलं, मग मधलं बोट ताठ धरायला सांगून वरून दाबलं. मी ओरडलो. ते म्हणाले, "टेनिस एल्बो."

"पण डॉक्टर, मी आयुष्यात टेनिस खेळलो नाही!"

ते हसले. हे दुखणं असणारे बहुतेक लोक टेनिस खेळत नाहीत. पुढे मी वाचलं, की 1873 साली रुंगं नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे दुखणं नोंदवलं ते लिहिताना हात दुखणाऱ्यांबद्दल लिहिताना. टेनिसचं नाव त्याला चिकटलं त्यानंतर दहाएक वर्षांनी, इंग्लंडात. म्हणजे आधी कारकून, मग खेळाडू. आम्ही कीबोर्डवाले त्या कारकुनांचेच वारस!

आता यात बिघडतं काय? मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका टेंडननं, म्हणजे कंडरेनं, जोडलेले असतात. मूठ घट्ट आवळली, की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू राबतात. म्हणून दुखणं कोपरात, पण चमक निघते ती सांडशी धरताना. रोजच्या ताणानं कंडरेतले धागे झिजतात आणि शरीराची दुरुस्ती मागे पडते. नुसती सूज असती, तर गोळीनं उतरली असती. झिजलेल्या धाग्यांना वेळ लागतो, आणि मोजून दिलेला भार लागतो.

सचिन तेंडुलकरचं आठवतं ना? 2004 मध्ये त्याचं डावं कोपर असंच दुखावलं आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. पण आपल्यासारख्यांवर सहसा ती वेळ येत नाही. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं.

मी घाईघाईनं विचारलं, "इंजेक्शन द्या ना, रिलीज तोंडावर आहे." डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे छान वाटेल, पण वर्षानं पाहिलं तर ते न घेतलेलेच बरे असतात. मग फिजिओथेरपिस्टनं व्यायाम शिकवला. तो असा: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीनं मनगट वर घ्यायचं आणि पाच आकडे मोजत हळूहळू खाली सोडायचं. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर वजन कमी करायचं.

जोडीला सवयी बदलल्या. माऊस जवळ ओढला, हाताला टेबलाचा आधार दिला. पिशवी तळवा वर करून उचलायला लागलो. कामाच्या वेळी कोपराच्या दोन बोटं खाली पट्टा बांधायचो.

दोन-तीन आठवडे झाले असतील. मी बाटली घेऊन बसलो होतो. आई शेजारी येऊन बसली, स्वयंपाकघरातून दुसरी बाटली घेऊन.

"मलाही दाखव रे."

"तुला कशाला?"

"वर्ष झालं दुखतंय. पोळ्या लाटताना जास्त. म्हटलं, वय झालं."

मी गप्प झालो. माझा हात महिनाभर दुखला, तर घरभर चर्चा, पहलवान, डॉक्टर, फिजिओ. तिचा वर्षभर दुखत होता आणि पाच माणसांच्या पोळ्या रोज वेळेवर ताटात पडत होत्या. मी दुखण्याला नाव शोधलं. तिनं वय म्हणून सोडून दिलं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तेच निदान. मग घरात वाटणी झाली. कणीक बायको आणि बाबा आळीपाळीनं मळतात. बाबांची पहिली कणीक इतकी सैल, की त्या दिवशी धिरडीच झाली! रात्री आम्ही मायलेक समोरासमोर बसून बाटल्या खाली सोडायचो. ती माझे आकडे मोजायची, मी तिचे. माझा हात साधारण चार महिन्यांनी सुधारला, तिला सात लागले.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील, कोपर सुजून लाल झालं असेल, ताप असेल, हात सरळच होत नसेल किंवा वजन उचलताना 'कट्' असा आवाज येऊन ताकद गेली असेल, तर ते टेनिस एल्बो समजून घरी बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.

आणि आज रात्री घरी विचारा, "आई, हात दुखतो का गं?" ती "नाही रे" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. ती चहाचं भांडं कसं उचलते, ते एकदा बघा.