अंगणासाठी करंज

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नवे घर बांधणारा गृहस्थ पाया, स्लॅब, विंधनविहीर आणि फाटक यांचा विचार जितक्या बारकाईने करतो, त्याच्या दशांशानेही अंगणातल्या वृक्षाचा करीत नाही. ज्याची सावली पुढील दोन पिढ्यांनी भोगावयाची त्याची निवड तो रोपवाटिकेत त्या दिवशी फुललेल्या रोपावर सोपवितो, याचा मला मनापासून खेद होतो.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला. वर्षाचा पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. सन १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बागाईत व जिराईत यांचे भाग्य वेगळे झाले. माळेगाव-सणसरकडील काळ्या भारी जमिनीत उसाला वर्षानुवर्षे अतोनात पाणी दिल्याने ठिकठिकाणी क्षार वर आले, रान चोपण झाले. उलट सुप्याच्या माळावर कुदळ हातभर खाली जाते न जाते तोच मुरूम लागतो. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि एखाद्या सायंकाळी वळीव असा कोसळतो की वृक्षाच्या लाकडाची व मुळांची परीक्षा घटकाभरात होऊन जाते.

या परीक्षेत गुलमोहर बहुधा नापास होतो. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष देखणा खरा. पण त्याची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, आणि भिंतीलगत लावला तर पत्र्यावर पडलेल्या फांदीसाठी तलाठ्यास पंचनाम्याला बोलावण्याची पाळी येते. वड-पिंपळांना गावठाणाचा विस्तार हवा, दोन गुंठ्यांचे अंगण त्यांना पुरत नाही. कडुनिंबाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि तो फार मोठा होतो आणि पायाशी पाणी साचले की खंगतो.

म्हणून माझे मत निःसंदिग्धपणे करंजाच्या बाजूने आहे. तो सहसा तीस-चाळीस फुटांवर थांबतो. त्याचे सोटमूळ खोल जाते, खारवट जमीन आणि साचलेले पाणी तो सोसतो, व शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र मातीत आणतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पाने गाळून तो अल्पावधीतच नवी पालवी धारण करतो. सबब उन्हाचा कहर ज्या दिवसांत होतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याची छाया सर्वांत दाट असते. पानांवर येणाऱ्या बारीक गाठी पाहून कित्येकजण भयभीत होऊन औषध फवारतात, परंतु त्यांनी वृक्षाचे सहसा काही बिघडत नाही. बियांचे तेल पूर्वी दिव्यात जळत असे, पेंड आजही खत म्हणून उपयोगी पडते. फुलांचा व शेंगांचा केर झाडावा लागतो, मुळांतून धुमारे फुटतात; इतका उपद्रव मात्र सोसला पाहिजे.

मुरमाड माळावर मी आपटा किंवा कवठ सुचवीन. आपटा बेताचाच वाढतो, पण काटक. केवळ दसऱ्याला त्याच्या फांद्या ओरबाडल्या जाऊ नयेत एवढी दक्षता घ्यावी. कवठ सावकाश वाढते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास फळ देते.

लागवड करताना भिंतीपासून पंधरा फुटांचे अंतर राखावे व वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे आधी पाहावे. तीन फुटांचा खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, मृगाच्या पावसानंतर रोप लावावे, आणि पुढे फरसबंदी करताना बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवावी. बांधकामाच्या परवान्यासोबत असे एक रोप देण्याची तजवीज नगरपरिषदांनी व ग्रामपंचायतींनी अवश्य करावी. ज्यांना तोवर थांबावयाचे नसेल, त्यांनी उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या एखाद्या सरळ बुंध्याच्या करंजाखालील वाळक्या शेंगा वेचून आणाव्या. त्यातले बी ताजे असता कोणत्याही प्रक्रियेवाचून रुजते.