घोड्याचा हर्पिस: सुट्टी कोणाला परवडते?

‘डॉक्टर, वरातीतल्या घोड्याला हर्पिस झाला तर आपल्याला नागीण होते का?’ रे रोडच्या दवाखान्यात असे प्रश्नही येतात. उत्तर सरळ आहे: नाही. घोड्यांचा हर्पिस विषाणू (ईएचव्ही-१) माणसाला होत नाही. आपल्याला कांजण्या आणि नागीण देणारा विषाणू त्याच घराण्यातला असला, तरी वेगळा आहे.

घोड्यांसाठी मात्र हा आजार गंभीर ठरू शकतो. आधी ताप, मग नाकातून पाणी, खोकला. गाभण घोडी गाभ टाकते. काही घोड्यांचे मागचे पाय लटपटतात, लघवी अडते, घोडा बसला की उठत नाही. २०२१ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया येथील स्पर्धेत ही साथ पसरली, घोडे दगावले आणि युरोपातल्या अनेक स्पर्धा रद्द कराव्या लागल्या.

हा विषाणू शिंकेतून, नाकाच्या स्रावातून, एकाच बादलीतून, लगामातून आणि मोतद्दाराच्या हातांतून पसरतो. घोडा बरा झाला तरी विषाणू शरीरात दडून राहतो. लांबचा प्रवास किंवा ताण झाला की पुन्हा डोके वर काढतो. आपल्याकडे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने गाभण घोड्यांसाठी लस तयार केली आहे; पण पाय लुळे पडण्यापासून लस खात्रीने वाचवत नाही.

म्हणून खरा उपाय साधाच आहे. रोज दोनदा ताप मोजा. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर घोडा वेगळा बांधा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. परळचे बैलघोडा हॉस्पिटल इथून लांब नाही. साथ असेल तर किमान तीन आठवडे तबेल्यातून घोडा आत-बाहेर नको. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी-जखमा असतील तर हात लावू नका. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि तो जिवाणूचा रोग माणसालाही होतो.

आता माझे मत. हे नियम घोडेवाल्यांना कळत नाहीत असे नाही, ते परवडत नाहीत. लग्नसराईत तीन आठवडे घोडा बांधून ठेवायचा तर घर कसे चालायचे? माझ्या रुग्णांचेही तेच. कांजण्यांच्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी थांबा म्हटले की गोदामातला हमाल विचारतो, ‘खाडा कोण भरून देणार?’ मग ताप लपवला जातो आणि साथ पसरते.

विलगीकरण हे औषधच आहे, आणि औषधाची किंमत कोणीतरी द्यावी लागते. आजारी घोड्याच्या मालकाला आणि तापलेल्या मजुराला बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळायला हवी. साथ आवरण्यापेक्षा ती स्वस्त पडेल. तोपर्यंत तुम्ही एवढे करा: वरातीच्या घोड्याला ताप आहे असे मालकाने सांगितले तर त्याच्यावर चिडू नका, आगाऊ रक्कम परत मागू नका. खरे बोलल्याची शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही.