बंब येईल, माणसे कोठे आहेत?



१४ एप्रिल हा दिवस आपल्या प्रत्येक घरात साजरा होतो. त्याच दिवशी देशातील अग्निशमन दले आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा व कापूस भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागून भयंकर स्फोट झाले. ती आग विझविण्यास गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. ज्या दिवशी आपण मिरवणूक काढतो त्याच दिवशी हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे: आपल्या वस्तीला आग लागली तर धावून येणारी माणसे आहेत काय?

काशीमीरा नाक्यावर क्षणभर उभे राहून पाहा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून टँकर व मालमोटारी अहोरात्र धावत आहेत. पुढे ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता फुटतो. पश्चिमेस मीरारोड-भाईंदरची उंच इमारतींची दाटी. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखाली पाडे, चाळी आणि झोपड्या. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती व शहराचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे. शहरात दर १० चौरस किलोमीटरला एक अग्निशमन केंद्र असावे, असे प्रमाण या विषयातील जाणकारांनी फार पूर्वीच घालून दिले आहे. डोंगर, खाडी व मिठागरे वजा केली तरी हिशेब ज्याचा त्याने करावा. लांबच्या केंद्रातून निघालेला बंब महामार्गाच्या कोंडीत सापडला, तर 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या दारात खरी ठरते.

ही भीती काल्पनिक नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवलीच्या दामू नगरात सिलिंडर फुटत गेले आणि हजारावर झोपड्यांची राख झाली. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे भाईंदर पूर्वेची आझाद नगर झोपडपट्टी पेटली आणि एकाचा जीव गेला. घर पक्के झाले म्हणजे धोका टळला, असेही नाही. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगावात रात्री पेटलेली इमारत झोपडपट्टी पुनर्वसनातलीच होती. अशा आगीत केवळ भांडीकुंडी जळत नाहीत. जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका, शिधापत्रिका, घराचा पुरावा, म्हणजे ज्या कागदांच्या बळावर आपण हक्क मागतो ते कागदच जळतात.

असे असता, नवे केंद्र उभारावयाचे म्हटले की वाद सुरू होतो. महापालिका म्हणते, पैसा राज्याने द्यावा. राज्य म्हणते, हे काम स्थानिक संस्थेचे आहे. पुढारी म्हणतात, केंद्र आम्ही आणले, फलकावर नाव आमचे हवे. या वादात आपण कोणाचे ऐकावे? माझे उत्तर आहे, प्रथम कायद्याचे ऐकावे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अग्निशमन दल ठेवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून नमूद आहे. त्यासाठी पैसाही आपणच देतो. अनेक महापालिका घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कर लावतात. आपले बिल काढून पाहा.

इमारतीसाठी पैसा मिळत नाही, असेही नाही. ४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत महाराष्ट्रासारख्या राज्याने आपला २५ टक्के हिस्सा घालावयाचा आहे. केंद्रे, यंत्रे व प्रशिक्षण यांसाठी हा निधी आहे. दरमहाचा पगार मात्र महापालिकेने द्यावयाचा असतो, आणि खरी मेख तेथेच आहे. एका बंबावर यंत्रचालक, प्रमुख अग्निशामक व चार फायरमन धरले तरी एका पाळीला सहा व तीन पाळ्यांना अठरा माणसे लागतात. सुट्या व आजारपण धरले की संख्या आणखी वाढते. ही पदे आकृतिबंधात मंजूर व्हावी लागतात. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांवर गेला आहे, असे सांगून भरती अडविली जाते आणि मग ठेकेदाराकडून माणसे घेतली जातात.

मंजुरी म्हणजे अंमल नव्हे, हे आपल्याइतके कोणाला कळावे? महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. माणसांवाचून उभे केलेले अग्निशमन केंद्र हा त्याच जातीचा ठराव आहे.

ठेक्याची पद्धतही आपल्या ओळखीची आहे. महार वतनात काम ठरलेले होते, मोबदला ठरलेला नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली त्याविरुद्ध विधेयक आणले. ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आज जिवावर उदार होऊन आगीत शिरणाऱ्या तरुणास पेन्शन नाही, नोकरीची शाश्वती नाही, तर हे नवे वतन नव्हे काय? शिवाय कायम पदांच्या भरतीस बिंदुनामावली लागते व अनुसूचित जातींस १३ टक्के जागा मिळतात. ठेकेदाराच्या यादीस ती लागत नाही. म्हणजे पद कायम नसले की वस्ती असुरक्षित राहते आणि आपला दहावी झालेला मुलगाही दाराबाहेरच राहतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली व त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात जाब विचारावयास दार नव्हते. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास यापुढे फलकाविषयी विचारू नका. दोनच प्रश्न विचारा. अग्निशमनासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली आणि किती खर्ची पडली? मंजूर पदे किती आणि भरलेली किती? उत्तर तोंडी घेऊ नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो वस्तीतील शिकलेल्या मुलीने लिहावा व शेजाऱ्यांनी सही करावी.

आणि तोवर गल्लीच्या तोंडाशी गाडी लावू नका, घरात जादा सिलिंडर ठेवू नका. बंबाला वाट देणे हे आपले काम आहे. बंबावर माणूस देणे हे त्यांचे. आपले काम आपण चोख करावे, म्हणजे त्यांचे काम आपल्याला ताठ मानेने मागता येईल.