प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती खोडरबर नको



गेल्या उपवासकाळात आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न टाकला. इथे बेळगावात आपली मुले इंग्रजी शाळांत जातात, तिथे कन्नडही शिकतात, आणि मराठी उरते ती घरात. मग रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मराठीतच ठेवावा का? "मोकळेपणाने लिहा," असेही आम्हीच लिहिले होते.

एका आईने खरेच मोकळेपणाने लिहिले. "सर, माझ्या मुलीला तुमच्या पुस्तकातले मराठी कळत नाही. प्रार्थना घडाघडा म्हणते, अर्थ विचारला की गप्प बसते. तुम्ही तिला कधी विचारलंत का?"

आम्हाला ते झोंबले. ग्रुपचे अ‍ॅडमिन आम्हीच. पाच मिनिटांत तो मजकूर सगळ्यांसाठी डिलीट झाला आणि खाली आमची सूचना आली, "कृपया भाषा सांभाळावी." पुढचे तीन रविवार ती मुलगी वर्गाला आली नाही.

त्या बाईंच्या भाषेत सांभाळण्यासारखे काय होते? काहीच नाही. आम्ही सांभाळत होतो तो आमचा मान. म्हणून आज आम्ही ठामपणे म्हणतो की, जो चर्चा सुरू करतो त्याने त्या चर्चेतली उत्तरे खोडू नयेत. हे काम दुसऱ्याच्या हाती असावे.

यावर नेहमीचे उत्तर येते, "ज्याचे अंगण, त्यानेच झाडावे." पण धर्मग्रामाचा ग्रुप हे कोणा एकाचे अंगण नव्हे. शिवाय ज्याच्यावर टीका झाली, त्याला टीका आणि अपमान यांतला फरक त्या क्षणी दिसतच नाही. आम्हाला दिसला नाही. आपल्याला दिसेल असे ज्यांना वाटते, त्यांनी आपले एखादे जुने भांडण आठवून पाहावे.

"मग काय, शिवीगाळही चालू द्यायची?" असेही विचारले जाते. मुळीच नाही. सीमाभागात राहणाऱ्यांना, भाषेच्या प्रश्नावर एक खवचट फॉरवर्ड किती आग लावतो, हे सांगायला नको. आवर घालणारा हवाच. फक्त तो फिर्यादी आणि न्यायाधीश एकाच वेळी नसावा.

प्रभू येशूने हा मार्ग आधीच आखून दिला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, १५ ते १७ ही वचने काढून वाचा. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. ज्याला दुखावले आहे त्याला प्रभू आधी भावाच्या दारी पाठवतो. एकट्याने निवाडा करण्याची परवानगी त्याला कुठेच देत नाही. आम्ही मात्र पहिली पायरी न चढताच बोट दाबून मोकळे झालो.

ख्रिस्तसभेलाही हा धडा शिकावा लागला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, नोव्हेंबर १९६२ मध्ये, देवाच्या प्रकटीकरणावरचा मसुदा चर्चेला आला. तो ज्या आयोगाने तयार केला त्याचे प्रमुख कार्डिनल ओताव्हियानी होते, आणि दुरुस्त्या ज्या आयोगाकडे जायच्या त्याचेही प्रमुख तेच. २० नोव्हेंबरला मतदान झाले. चर्चा थांबवावी असे १,३६८ जणांचे मत पडले, ८२२ जणांचे विरुद्ध. दोनतृतीयांश बहुमताला ती मते कमी पडली, म्हणजे नियमाप्रमाणे मसुदा टिकला. पण दुसऱ्याच दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी तो मागे घेतला आणि नव्याने लिहिण्यासाठी मिश्र आयोग नेमला. ओताव्हियानींना त्यांनी काढले नाही. त्यांच्या शेजारी वेगळ्या मताचे कार्डिनल बेआ यांना सहप्रमुख म्हणून बसवले. पुढे १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज २,३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. शेजारी दुसरा माणूस बसवल्याने सत्य बुडाले नाही, उलट अधिक नीट मांडले गेले.

आमच्या ग्रुपवर आता अ‍ॅडमिन दोघे आहेत, महिला मंडळातल्या एक ताई आणि युवक मंडळातला एक मुलगा. आम्ही ते पद सोडले. शिवी, खोटा आरोप आणि कोणाच्या घरातली खासगी गोष्ट, एवढेच काढायचे. काढले तर का काढले ते लिहिणाऱ्याला कळवायचे. विषय त्या दोघांपैकीच कोणी मांडला असेल, तर निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. विषय मांडणाऱ्याने उत्तर द्यावे, खुलासा करावा, चूक असेल तर कबूल करावी. एवढे अधिकार त्याला पुरेत.

चौथ्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. चहा झाला. मुलगी दाराआडून ऐकत होती. निघताना तिने विचारले, "सर, 'कृपापूर्ण' म्हणजे काय?" आम्हाला लगेच सांगता आले नाही. चपला काढून आम्ही पुन्हा आत बसलो.

तो प्रश्न वर्गात आजवर कोणी विचारला नव्हता, कारण आमच्या वर्गात उत्तरे फक्त आम्हीच देत होतो. प्रभू आम्हा शिकवणाऱ्यांना आधी ऐकायला शिकवो. आमेन.